चौक्याची गाडी आणि कोपऱ्यातला डाग



दिवाळीनंतर चौथ्या दिवशी गाडीचं मागचं दार उघडलं आणि काही दिसायच्या आधी वास आला. भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की येतो ना, तसा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मी काही बोलले नाही. का बोलले नाही, तेच आज लिहायचं आहे.

आधी गाडीबद्दल. ती आम्ही २०१८ मध्ये जुनीच घेतली. बंद डब्याचा टेम्पो. ह्यांनी तीस वर्षं भिवंडीत यंत्रमाग चालवले. माग विकले, कारखान्याची शेड राहिली आणि हातात वेळ राहिला. संघाबरोबर विहारात चौका घेऊन जायचं हे आमचं दोघांचं जुनं मनात होतं. माझं माहेर सांगलीचं. तिकडे लहानपणापासून बघितलेलं, त्यागी आले की घरोघरी चौके लागायचे, आजी ओल्या सोवळ्यानं आडातून पाणी काढायची. पण नाशिक ते मुंबई रस्त्यावर दर मुक्कामाला श्रावकांचं घर कुठून असणार? म्हणून चौक्याचं भांडारच चाकांवर ठेवायचं. गाडीत स्वयंपाक करत नाही. शाळा, धर्मशाळा, कुणाचं शेतघर, जिथे जागा मिळेल तिथे चौका लागतो. गाडीत धान्य, डाळी, जातं, भांडी, गाळणी, शोधाचे कपडे, आणि आम्हा दोघांच्या झोपण्यापुरत्या दोन फळ्या. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा हे पेपर हातात घेऊन म्हणाले होते, बघ, सरकारला आता सुचतंय.

डबा ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला. आत लोखंडी सांगाडा, त्यावर प्लाय, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे भेटतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, दर चार बोटांवर एक स्क्रू. वरून दिसायला ती शोभेची पट्टी, साडीच्या काठासारखी. पण सगळी गाडी त्या काठावर कोरडी राहते, हे मला पाच वर्षं कळलं नव्हतं.

आता डाग. त्या वर्षी वैशाखात मी आतून पुसून घेत होते. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या फळीच्या मागे, चहा सांडून वाळावा तसा तपकिरी डाग दिसला. तळहाताएवढा. बोटानं दाबलं तर प्लाय किंचित आत गेला. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. सांगितलं असतं तर शिडी लावून वर चढले असते, माझी खात्री होती. गॅरेजवाल्याला बोलवावं तर आधीच दवाखान्याचं बिल भरून बसलो होतो. मी बी.कॉम. झाले आहे, घरचा हिशेब माझ्याकडे असतो. मनात म्हटलं, तळहाताएवढा डाग, तीनचारशे रुपयांचं काम, दिवाळीनंतर बघू. आदल्या वर्षी कुणीतरी त्याच कोपऱ्यावर सिलिकॉनची नळी पिळून पांढरी रेघ ओढून दिली होती. ती रेघ शाबूत दिसत होती. तेवढ्यावर मनाची समजूत घातली आणि फळीवर डब्यांची रांग लावून डाग झाकला.

आषाढ चतुर्दशीला संघ वर्षायोगाला बसतो, आणि आमची गाडीही बसते. चार महिने कारखान्याच्या अंगणात, उघड्यावर, एकाच जागी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. अंगणाला पुढच्या बाजूला उतार आहे, म्हणजे छतावरचं सगळं पाणी वाहून त्याच उजव्या कोपऱ्यात थांबणार. चालती गाडी निदान पाणी झटकते, उभी गाडी ते पीत राहते.

तर दार उघडलं. डब्यांची रांग होती तशी होती. मी डबे बाजूला केले. तळहाताएवढ्या डागाचा आता पुरुषभर पट्टा झाला होता, छतापासून जमिनीपर्यंत, आणि त्यावर काळी, हिरवट, एका ठिकाणी कापसासारखी पांढरी बुरशी. प्लायचे पदर वहीच्या पानांसारखे सुटलेले. खालच्या फळीवर शोधाच्या कपड्यांची पेटी होती, तिचा तळही गेला होता.

मैत्रिणींनो, बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर म्हणतील, ब्लीचिंग टाका, घासा, संपलं. आमच्या सुतारानंही हेच म्हटलं, बाटली घेऊनच आला होता. पण आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? बुरशी म्हणजे निगोद, एका शरीरात अनंत जीव. कंदमुळं आपण का खात नाही, शिळं का खात नाही, पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७ का पाळतो? ओल आली की जीव आला. ते पीठ मी तिसऱ्या दिवशी मोजून बाजूला काढते, एक दिवस चुकत नाही. आणि इथे सहा महिने ओलीला घर करून दिलं.

घरसंसारात हिंसा होतेच, चूल पेटवली तरी होते, तिला आपण आरंभी हिंसा म्हणतो आणि गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही. मी दोन दिवस स्वतःला तेच सांगून पाहिलं. पटेना. चूल पेटवल्याशिवाय भागत नाही, पण डाग झाकल्याशिवाय माझं भागत होतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसा सांगताना प्रमादाची गोष्ट आधी येते, जीव मरण्याची नंतर. प्रमाद म्हणजे नुसता आळस नव्हे. दिसलं, कळलं, आणि तरी डबे लावले, हा तो.

त्यातून दिवस मोजके. पिच्छी परिवर्तनाचा कार्यक्रम झाला की आर्यिका माताजींचा संघ नाशिकहून निघणार होता. इगतपुरी, कसारा, शहापूर करत भिवंडीपर्यंतच्या विहारात एक चौका आमचा, असं मी शब्द देऊन बसले होते. हातात बारा दिवस. ज्यांनी चौका लावलाय त्यांना वेगळं सांगायला नको की आहार दिवसातून एकदाच असतो, आणि ताटात अळी निघाली, केस निघाला, तर अंतराय. माताजी हात सोडतात आणि त्या दिवशी पुन्हा पाणीसुद्धा नाही. वीस किलोमीटर अनवाणी चालून आलेल्या माताजींचा आहार माझ्या फळीवरच्या बुरशीनं सुटला असता तर? ह्या विचारानं मला रात्री झोप लागत नव्हती.

आणि हे काय करत होते? हे स्वतःला दोष देत होते. "पट्टी मीच लावून घेतली. आत लांबी नीट भरली नसणार. घाई केली." दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सांगून टाकलं, की वैशाखात मी डाग बघितला होता आणि तुम्हाला सांगितला नाही. हे बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी वर चढलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं," म्हणाले, आणि पेचकस कुठे ठेवलाय विचारलं. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मला अजून कळलेलं नाही की ते रागावले होते की नाही.

आता कामाचं. हे जरा विस्तारानं लिहिते, कारण गाडी नसली तरी तुमच्या घरी गच्चीवरचा पत्रा, खिडकीची चौकट, पाण्याच्या टाकीची शेड काहीतरी असेलच.

टेक्सासला माझा भाचा असतो. त्याच्याकडे मोटारीमागे ओढायची घरगाडी आहे, तिकडे तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "मावशी, इकडेही सगळ्यांचा हाच आजार. कोपऱ्याची पट्टी. वरून काही लावू नकोस, पट्टी काढ आणि खाली ब्युटाइल टेप घाल." मला वाटलं, आता हे अमेरिकेहून मागवायचं की काय. तर शेजारच्या गोदामावर पत्रे चढवणारे एक चाचा हसायला लागले. "भाभी, सारी भिवंडी इसी पे खड़ी है." खरंच की. आपल्याकडे काल्हेर-राहनाळपासून पुढे जी मैलभर लांब गोदामं आहेत, त्यांच्या छताचे पत्रे एकावर एक चढतात त्या सांध्यात हीच टेप असते. काळपट, चिकट, च्युइंगगमसारखी, कागदात गुंडाळलेली. कल्याण नाक्याच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. तीन वेटोळी घेतली, १,३५० रुपये. पावती मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

चाचांनी शिकवलेली पहिली गोष्ट अशी की पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. ते वरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरतं, पत्रा आणि प्लाय यांच्यामधून गुपचूप खाली सरकतं आणि हातभर लांब कुठेतरी डोकं काढतं. आमचा डाग कोपऱ्यात होता, भोक निघालं तिथून दोन फूट मागे.

दुसरी गोष्ट भाच्यानं हिशेबानं समजावली, म्हणून मला पटली. ॲल्युमिनियम उन्हात लांबतं. तीन मीटरची पट्टी ३० अंशांनी जास्त तापली की जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते आणि रात्री परत आखडते. लाकूड त्याच्याबरोबर तेवढं हलत नाही. रोजची ही ओढाताण, वर रस्त्याचे हादरे. स्क्रू सैल होतात, आतली लांबी वाळून कडक होते, तिला भेगा जातात. वरून ओढलेली पांढरी रेघ बाहेरून छान दिसते, पण एका बाजूनं सुटली की पाणी आत घेते आणि मग बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे त्या रेघेनं माझी नुसती समजूतच घातली नाही, पाणीही कोंडून ठेवलं. शिवाय सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते सगळं खरवडून काढण्यात आमचा दीड दिवस गेला. प्लास्टिकची पट्टी, जुनं एटीएम कार्ड, शेवटी स्पिरिटचा बोळा. चाकू वापरू नका, पत्र्याला चरे पडतात.

बुरशी लागलेला प्लाय मी सुताराला घासू दिला नाही, जाळूही दिला नाही. स्क्रू काढून अख्खे तक्ते हळूच उतरवले आणि शेडच्या मागे, सावलीत, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी ठेवले. सुतार मनात काय म्हणाला असेल ते म्हणो. सांगाड्याचं लोखंड पुसून दोन दिवस उन्हात, दारं सताड उघडी ठेवून वाळू दिलं. चाचांचं म्हणणं, ओल्यावर टेप लावली तर ओल आतच बंद होईल, घाई असली तरी हे दोन दिवस द्यायचेच. बारातले सात गेले होते.

मग पट्टी. जुने स्क्रू गंजलेले होते, काहींची डोकीच हातात आली. नवे स्टेनलेसचे आणले. जिथे लाकडाचं भोक सैल झालं होतं तिथे सुतारानं लाकडाची काडी सरस लावून ठोकली आणि त्यात स्क्रू घेतला. पट्टी उलटी ठेवून तिच्या आतल्या दोन्ही कडांना टेप लावायची, भोकांवरूनही न्यायची म्हणजे स्क्रू टेपमधूनच आत जातो आणि टेप त्याच्या मानेला धरते. कागद शेवटी काढायचा, नाहीतर भिवंडीची धूळ आधी चिकटते. पट्टी मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे आवळत जायची, एकदम गच्च नाही. टेप कडेनं थोडी बाहेर येते, तेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पुन्हा आवळायचे, तेव्हा ती आणखी बसते. बाहेर आलेली टेप कार्डानं कापून घ्यायची. ही टेप आत कधीच कडक होत नाही, पट्टी लांबली-आखडली तरी तिच्याबरोबर ताणली जाते. तिच्यावर ऊन लागू नये म्हणून वरच्या कडेला पॉलियुरेथेनचा पातळ थर ओढला.

शिडीवर मी चढले. बासष्टाव्या वर्षी, गाऊनवर ह्यांचा जुना शर्ट घालून. हे खाली शिडी धरून उभे, आणि प्रत्येक स्क्रूला "सरळ धर, सरळ धर". सूनबाईनं फोटो काढला तो मी इथे टाकणार नाही.

पारखायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. चाचा म्हणाले, होज पाइप लावा आणि अर्धा तास मारा. अर्धा तास न गाळलेलं पाणी? ते काही मला जमेना. भाच्यानं सांगितलं होतं की जोरात मारूच नये, पाऊस कधी असा आडवा फवारा मारत नाही. म्हणून दोन घागरी पाणी गाळलं, जीवाणी विहिरीत पोचवली, आणि झाडांच्या झारीनं खालून सुरुवात करून हळूहळू वर गेले. खालून वर का, तर वरून ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. हे आत टॉर्च घेऊन बसले. कोपरा कोरडा. मागची कड कोरडी. खिडकीपाशी पोचले आणि आतून आवाज आला, "थांब, थेंब."

मला रडूच आलं. पण चूक लगेच सापडली, माझीच होती. उत्साहाच्या भरात मी खिडकीच्या चौकटीची खालची बाजूही बंद करून टाकली होती, पाणी बाहेर जायच्या बारीक भोकांसकट. खिडकीत थोडं पाणी जाणारच, ते खालून निघून जायला वाट हवी. वरची आणि दोन्ही बाजूंची कड बंद, खालची उघडी. भोकं मोकळी केली, पुन्हा झारी धरली, थेंब थांबला.

एकूण खर्च, नवा प्लाय, सुतार, स्क्रू, टेप, रंग, शोधाचे नवे कपडे, सगळं मिळून ३१,४०० रुपये. वैशाखात झाला असता तर १,३५० आणि एक दिवस. कॉलेजात आम्हाला घसारा आणि बुडीत कर्जाची तरतूद शिकवली होती. डागाची तरतूद कुठल्या खात्यात टाकायची ते कुणी शिकवलं नाही.

विहार झाला. इगतपुरीच्या मुक्कामी मी माताजींना सगळं सांगितलं, डबे लावून झाकल्याचंही. माताजींनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. एक महिनाभर अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, त्या दिवशी मीठ नाही, आणि णमोकाराच्या रोज दोन माळा जास्त. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दिलं. मग म्हणाल्या, "गाडी दर वर्षी कधी तपासता?" मला उत्तर देता आलं नाही.

कसाऱ्याच्या अलीकडे रात्री अवकाळी पाऊस आला. पत्र्यावर असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. मी उठून अंधारातच कोपऱ्याला हात लावला. मग झोपले. तासाभरानं पुन्हा उठले, पुन्हा हात लावला. तिसऱ्यांदा उठले तेव्हा ह्यांचा हात आधीच तिथे होता.

माताजींच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही आता ठरवलं आहे. अक्षय्य तृतीया. हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला तो दिवस, चौक्याच्या गाडीला ह्याहून बरा मुहूर्त कुठला? आणि पाऊस यायला महिना-सव्वा महिना हातात असतो. सकाळी पूजा, दुपारी उसाचा रस, उन्हं कलली की शिडी. गाडीही आता उलट तोंडानं लावतो, म्हणजे छताचं पाणी मागच्या बाजूनं निघून जातं.

ह्या वर्षी दोन स्क्रू सैल निघाले, मागच्या डाव्या कडेला. बदलले. हे शिडी धरून होते.